हप्ता चुकतो, भिशी मात्र चुकत नाही

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या आहेत, कोल्हापूरच्या एका उपनगरात राहतात. घरी कांदा-लसूण चटणी आणि मसाले करून विकतात. फेब्रुवारी ते मे मान वर करायला सवड नसते, गणपती-दिवाळीला थोडी मागणी, ऐन पावसाळ्यात हात रिकामे. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहानं त्यांनी बँकेत दरमहा २,००० रुपयांची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, सुरू केली. दर पावसाळ्यात तीन हप्ते चुकले आणि नंतर दंडासह भरले गेले. दिवाळीच्या आधी मुदत संपली, ७९ हजारांच्या आसपास रक्कम बचत खात्यात येऊन पडली. बँकेतले साहेब म्हणतात, 'रिन्यू करून टाका.' मालक म्हणतात, 'तुझ्यानं दर महिन्याला भरणं हुतंय का? दे टाकून पतसंस्थेत, दोन टक्के जास्त मिळत्यात.' मुलगा म्हणतो, एसआयपी कर, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात हप्ता टाक. गल्लीतल्या बायकांची ५०० रुपयांची भिशी चालूच आहे. शिवाय लग्नाआधी वडिलांनी गडहिंग्लजला उघडून दिलेलं एक बचत खातं आहे. त्यात चार हजारांवर रक्कम आहे, पण पंधरा वर्षांत व्यवहार नाही आणि मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ताई विचारतात, 'माझ्या अंगात शिस्तच नाही, तर परत हप्ते सुरू करण्यात अर्थ आहे का? आणि माहेरचं ते खातं गेलंच असं समजायचं का?'

ताई,

पासबुकाच्या पानांचे फोटो जोडलेत ते बरं केलंत. पत्रात तुम्ही स्वतःला बरंच बोलून घेतलंय, पासबुक मात्र निराळंच सांगतंय. जून, जुलै, ऑगस्ट कोरे. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी दोन-दोन हजारांच्या चार नोंदी आणि त्याखाली १८० रुपये दंड. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं बसलोय. ज्याला खरंच शिस्त नसते त्याच्या आरडीचं पान असं दिसत नाही. ती पाचव्या-सातव्या हप्त्याला बंद पडते आणि मग माणूस मोडायचा फॉर्म मागायला येतो. तुम्ही छत्तीसच्या छत्तीस हप्ते भरलेत. चुकलात तेही ठरलेल्या महिन्यांत, आणि भरून काढलंत तेही गणपतीच्या ऑर्डरींचे पैसे हातात आल्या आल्या.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवतो: 'भिशीचा हप्ता मात्र आजवर कधी चुकला नाही.' जुलैतसुद्धा नाही ना? मग जुलैत ते ५०० रुपये आले कुठून? तुमच्याकडे पैसे अजिबात नव्हते असं नाही. ५०० होते, २,००० नव्हते. आणि भिशीच्या दिवशी दारात कोणीतरी येऊन उभं राहतं, बँकेच्या हप्त्याला कोणी येत नाही. एवढं कळलं की शिस्तीचा प्रश्न बाजूला पडतो आणि हप्ता किती असावा, कोणत्या तारखेला असावा, हे खरे प्रश्न समोर येतात.

तारखेपासून सुरू करू. तुमचा हप्ता ५ तारखेचा. का? कारण मुलाचा पगार १ तारखेला होतो आणि त्यानं आपल्या सवयीनं खातं त्या तारखेला उघडून दिलं. तुम्हाला लक्ष्मीपुरीतले दुकानदार पैसे देतात महिन्याच्या मध्यावर, तेही दोन फेऱ्या मारल्यावर. म्हणजे सुगीच्या दिवसांतसुद्धा ५ तारखेला तुमच्या बचत खात्यात खडखडाट, आणि त्यासाठी दर महिन्याला जिवाची धावपळ. आरडीची तारीख साधारणपणे खातं उघडल्याच्या दिवशी कायमची ठरते. त्यामुळे नवीन उघडाल तेव्हा १८-२० तारखेला बँकेत जा. काही खर्च नाही, कोणाची परवानगी नको.

आता दंड. अनेक बँकांत पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला चुकलेल्या हप्त्यावर दर शंभर रुपयांमागे महिन्याला दीड रुपया घेतात. तुमच्याकडून तेवढाच घेतलेला दिसतोय: जूनचा हप्ता तीन महिने उशिरा म्हणून ९०, जुलैचे ६०, ऑगस्टचे ३०. तीन वर्षांत मिळून ५४०. ठेवीवर तुम्हाला मिळालेलं व्याज सात हजारांच्या वर आहे. म्हणजे दंडानं तुमचं दिवाळं काढलं नाही. पण महिन्याला दीड टक्का म्हणजे वर्षाला अठरा टक्के, आणि तुम्हाला मिळत होते साडेसहा. थकवायला महागच. एक साधा उपाय होता: मेच्या अखेरीस ६,००० रुपये बचत खात्यात पडू द्यायचे आणि बँकेला 'दर महिन्याला खात्यातून वळते करा' अशी कायमची सूचना द्यायची. पावसाळाभर हप्ते आपोआप गेले असते. बचत खात्यावर व्याज अडीच टक्क्यांच्या घरात मिळो, १८० रुपये तर वाचले असते.

तुम्ही म्हणाल, मेच्या अखेरीस ६,००० शिल्लक असते तर आणखी काय हवं होतं! हेच मला विचारायचं होतं. चार महिने राबून मेमध्ये सहा हजारही मागे पडत नसतील, तर एकदा वही काढून बसा. पत्रात तुम्ही सीझनची विक्री लिहिलीय, सुटलेले पैसे लिहिले नाहीत. दुकानदारांकडे अडकलेली उधारी किती, मिरचीवाल्याचं देणं किती, डंकाची कांडपमजुरी किती, आणि घरखर्चात न लिहिता गेलेले किती? मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरावी लागते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. म्हणजे मेचे पैसे आधीच फीच्या नावावर आहेत. त्यांच्याच भरवशावर आरडीचा हप्ताही ठेवला, म्हणून तो चुकला. यात नवल काहीच नाही.

बरं, आता रिन्यू करायचं म्हणजे काय ते नीट बघू, कारण काउंटरवर हा शब्द फार सहज फेकला जातो. मुदत संपली की आरडी संपली. ती जशीच्या तशी पुढे चालू राहत नाही. साहेब म्हणतायत त्यात दोन वेगळी कामं आहेत: हातात आलेल्या ७९ हजारांची मुदत ठेव करणं, आणि हवी असल्यास आजच्या व्याजदरानं नवी आरडी उघडणं. पहिलं करायचं म्हणून दुसरं करायलाच हवं असं नाही. आणि पहिलं करायचं तरी सगळी रक्कम एकाच पावतीत घालायची गरज नाही.

मात्र काहीच न करणं महागात पडतंय. ७९ हजार आज बचत खात्यात अडीच टक्क्यांवर बसलेत असं धरू. सहा टक्क्यांच्या ठेवीच्या तुलनेत महिन्याला सव्वादोनशेच्या पुढे नुकसान. ज्या दंडापायी तुम्ही तीन वर्षं मनाला लावून घेतलंत, तेवढी रक्कम 'करू की सावकाश' म्हणत अडीच महिन्यांत जाते, आणि ती पासबुकात कुठेही 'दंड' म्हणून छापून येत नाही. मुदत संपलेली एफडी किंवा आरडी न उचलता तशीच राहिली तरी हीच गत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१च्या नियमाप्रमाणे अशा रकमेवर बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तोच मिळतो. लोक कपाटात पावती ठेवून निर्धास्त असतात आणि बँकेत चार-चार वर्षं ती रक्कम नुसती पडून असते. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आज पावत्यांवरच्या तारखा बघून घ्याव्यात.

मालकांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांना लगेच खोडून काढू नका. जास्त व्याज मागण्यात चूक काहीच नाही, आणि आपल्या भागात पतसंस्थांनी कित्येकांना अडीअडचणीला पैसे दिलेत, हेही खरं. पण बँक आणि पतसंस्था यांत एक फरक आहे, तो त्यांना शांतपणे सांगा. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो नाहीतर नागरी सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांची आहे. सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिला हा विमा लागू नाही. दोन टक्के जास्त म्हणजे ७९ हजारांवर वर्षाला पंधरा-सोळाशे रुपये. तेवढ्यासाठी घरातली ही एकमेव गंगाजळी तिथे ठेवावी असं मला वाटत नाही. तुमच्याकडे पाच-सात लाख असते आणि त्यातले पन्नास हजार मालकांनी हौसेनं ठेवले असते, तर मी एक अक्षर बोललो नसतो.

आणि पंधराशे-सोळाशेच कमवायचे असतील तर त्याचा रस्ता तुमच्या पत्रातच आहे! फेब्रुवारीत तुम्ही दोनशे किलो मिरची उधारीवर घेता आणि व्यापारी किलोमागे दहा रुपये चढे लावतो, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. म्हणजे २,००० रुपये. मिरचीला तुम्हाला चाळीसेक हजार लागतात. हेच चाळीस हजार तुमच्या स्वतःच्या नावावर बँकेत आहेत, आणि तुम्ही उधारीची मिरची घेताय. फेब्रुवारीत ते रोख घेऊन बाजारात गेलात तर तीन-चार महिन्यांत दोन हजार वाचतात. एवढं व्याज ना बँक देईल, ना पतसंस्था. शिवाय रोखीच्या गिऱ्हाईकाला ढीग निवडून घेता येतो. उधारीवाल्याला व्यापारी तळातली, देठं तुटलेली गोणी देतो, हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला काय सांगणार.

तेव्हा रक्कम मी अशी मांडली असती. चाळीस हजारांची एक मुदत ठेव, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी. तीन महिन्यांच्या ठेवीला दर कमी असतो, असू दे. फॉर्मवर 'मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण' अशी चौकट असते. या पावतीवर ती अजिबात टिक करू नका, 'रक्कम बचत खात्यात जमा' हेच लिहा. नाहीतर ऐन मिरचीच्या दिवसांत पैसे पुन्हा तीन महिन्यांसाठी आत जातील, आणि मुदतीआधी मोडायचे तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. वीस हजारांची दुसरी पावती जूनच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी, ती फीची. तीही आपोआप पुढे जाऊ द्यायची नाही. पंधरा हजारांची तिसरी वर्षभराची. ही दवाखान्याची वगैरे. हिला मात्र आपोआप नूतनीकरण टिक करा, कारण हिला हात लागू नये असंच आपल्याला वाटतं. उरलेले चार हजार बचत खात्यात. आकडे माझे आहेत, तुमची वही वेगळं सांगेल तर वहीचं ऐका. वेगवेगळ्या पावत्या करण्यातला फायदा एवढाच की वेळ आली तर एकच मोडावी लागते. मोडायचीही गरज नसते म्हणा. मुदत ठेवीवर बँका साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देतात, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावून. दहा-पंधरा दिवसांची नड असेल तर तेच परवडतं.

मुलाची एसआयपी वाईट नाही. पण फेब्रुवारीत लागणारे मिरचीचे आणि जूनमध्ये लागणारे फीचे पैसे बाजाराच्या चढ-उतारावर टांगायचे नसतात. दहा वर्षं लागणार नाहीत असे पैसे साठले की त्याच्याशी बोला.

आता नव्या आरडीबद्दल. उघडा, पण ५०० रुपयांची. भिशीनं सिद्ध केलंय की तेवढे तुम्ही भर पावसाळ्यातही भरता. मग सुगीतल्या जास्तीच्या पैशांचं काय? त्यासाठी तीन वाटा आहेत. काही बँकांत लवचीक आरडी मिळते. वर्षाला ठरलेली किमान रक्कम भरायची, बाकी जेव्हा हाताशी असेल तेव्हा हवी तेवढी टाकायची. शाखेत नाव घेऊन विचारा, कारण विचारल्याशिवाय सांगतीलच असं नाही. दुसरी वाट पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे नेतो ती ठेव. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केलेली ही पद्धत आपल्याकडच्या पेठांत अजून रुजलेली आहे. ज्याच्या गल्ल्यात रोज पैसे पडतात त्याच्यासाठी ती चांगली, कारण भिशीसारखंच दारात माणूस येतो. व्याज कमी असतं आणि मुदतीआधी काढले तर बऱ्याच ठिकाणी उलट कापतात, हे धरून चाला. एजंटाच्या मशीनमधून निघालेली पावती त्याच्यासमोर बघा. 'उद्या देतो ताई' चालवून घेऊ नका. आणि ती पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, हे पहिल्याच दिवशी विचारा.

तिसरी वाट पोस्टाची, आणि तुमच्या धंद्याला मला तीच सगळ्यात जुळणारी वाटते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, १०० रुपयांपासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला. त्या दरानं महिन्याला १,००० भरले तर पाच वर्षांत ६० हजारांचे ७१ हजारांच्या वर होतात. महत्त्वाचं असं, की हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा हप्ते एकदम भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये, बारा भरले तर ४० रुपये. म्हणजे मेमध्ये उधारी वसूल झाली की जून ते नोव्हेंबरचे सहा हप्ते भरून मोकळं व्हायचं. मग पाऊस कितीही पडो. तारखेचंही सोपं आहे. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत, १६ नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. तुम्ही १६ नंतर जा. चुकवलंत तर मात्र पोस्ट हे बँकेपेक्षा कडक आहे. दंड शंभरामागे महिन्याला एक रुपया, म्हणजे कमी, पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं, नाहीतर पुढे भरताच येत नाही. तुमचे तीन चुकत होते. एक पाऊस लांबला असता की चौथा होता. म्हणून आगाऊ भरायचं नक्की असेल तरच हे खातं.

पाच वर्षं पैसे अडकतील का? वर्षभर हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. तीन वर्षांनी बंदही करता येतं, पण मग व्याज बचत खात्याच्या दरानं, म्हणजे ४ टक्क्यांनी. पाच वर्षं झाल्यावर हवं तर आणखी पाच वर्षं वाढवता येतं.

भिशी सोडू नका. व्याज नसलं तरी गल्लीतली ती बैठक आहे, आणि तिथल्या बायकांनीच तुमची पहिली चटणी विकत घेतली असेल. फक्त गंगाजळी म्हणून तिच्याकडे बघू नका. कोणी मधेच गाव सोडून गेलं तर तक्रार घेऊन जायला काउंटर नसतो.

अशाच अर्थाची पत्रं इतरांकडूनही येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. ज्यांचं दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं त्यांनी महिन्याच्या तीन बिलांतल्या मधल्या बिलाला हप्ता बांधावा. पहिलं पेंड-भुश्श्यात जातं, शेवटचं किराण्यात. दिवाळीला मिळणाऱ्या दूधदर-फरकाचे पैसे हप्त्यात धरूच नयेत, त्यांची सरळ मुदत ठेव करावी. ऊसवाल्यांना दरमहा आरडीचा उपयोगच नाही. बिल जमा झालं की मशागत, सोसायटीचं कर्ज आणि पुढची लागण यांच्या तारखा धरून तीन-चार पावत्या. महिन्याचा पगार असलेल्यांसाठी बनवलेली योजना आपल्याला बसत नाही म्हणून स्वतःला कमी लेखणारे बरेच जण या भागात आहेत.

पासबुकाच्या पहिल्या पानावर मला आणखी एक गोष्ट दिसली. खातं तुमचं, पण मोबाइल नंबर मुलाचा. म्हणजे हप्ता गेला की नाही, दंड लागला की नाही, हे आधी त्याला कळतं आणि मग घरात चर्चा होते. बहुधा 'तुझ्यानं हुतंय का' हे वाक्य इथूनच सुरू झालं. तुमच्याकडे स्वतःचा फोन आहे, गिऱ्हाइकं त्यावरच ऑर्डर देतात. एक अर्ज लिहून नंबर बदलून घ्या. मुलाला वाईट वाटायचं कारण नाही, त्याच्या खात्याला तुमचा नंबर कुठे आहे? त्याच फेरीत वारसाचं नाव बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घालायची असतील तर आता अडचण नाही. हे नव्या पावत्यांवरही घाला, जुन्या आरडीवर होतं म्हणून नव्या ठेवीवर आपोआप येईल असं धरू नका.

किमान शिल्लकेची भीती तुम्ही लिहिलीय. स्टेट बँकेनं ती अट मार्च २०२० मध्येच काढली, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली. तुमच्या बँकेत असेल तर ती बहुतेक 'महिन्याची सरासरी' असते. सरासरी हजार हवी असेल तर दहा हजार रुपये तीन दिवस राहिले तरी महिन्याची सरासरी भरते. या दंडापायी खातं उणे करण्याची बँकेला परवानगी नाही. टीडीएसची, म्हणजे व्याजातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराची, चिंता सोडा. एका बँकेत वर्षाला ५० हजारांच्या वर व्याज मिळाल्याशिवाय तो कापला जात नाही.

शेवटी गडहिंग्लजचं खातं. गेलेलं नाही. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. तुमची पंधरा वर्षं झालीत, म्हणजे पैसे बहुधा तिथे आहेत. पण त्यावरचा हक्क तुमचाच, आणि मागायचं आपल्या बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचं नाही. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग निधीतून वसूल करते. मे २०२१ पासून अशा रकमेवर ३ टक्के सरळ व्याज आहे. बँकेचं नाव बदललं म्हणून घाबरू नका. सिंडिकेट कॅनरात गेली, विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या, खाती सगळी नव्या बँकेकडे आली. जुनं पासबुक हाताशी आहे, तेवढ्यावर नवी बँक तुमचं खातं शोधू शकते. ज्यांच्याकडे पासबुकही नाही त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून बघावं. ऑगस्ट २०२३ पासून ते चालू आहे. छोट्या सहकारी बँका त्यात सापडल्या नाहीत तर त्या बँकेच्याच वेबसाइटवरची यादी बघायची.

पासबुकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही तुमची खरी अडचण. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, यांतलं एक लागेल. दाखला नसेल तर आधी तो काढा, म्हणजे फेऱ्या वाचतील. सोबत आधार, पॅन, दोन फोटो आणि जुनं पासबुक. केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची कागदपत्रं, देण्यासाठी गडहिंग्लजलाच गेलं पाहिजे असं नाही, त्या बँकेच्या कोल्हापुरातल्या शाखेतही घ्यायला हवी. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार निष्क्रिय खातं सुरू करायला बँक एक रुपयाही घेऊ शकत नाही, आणि इतकी वर्षं किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावू शकत नाही.

खातं सुरू झाल्यावर ठेवायचं की बंद करायचं? वापर नसेल तर बंद करावं, असं मी बहुतेकांना सांगतो. पण तुम्ही लिहिलंय की दर फेब्रुवारीत निम्मी मिरची गडहिंग्लजच्या बाजारातूनच आणता. मग ते ठेवा. मिरचीचे पैसे तिथूनच द्या, वर्षातून तो एक व्यवहार झाला तरी खातं जिवंत राहतं, आणि वडिलांनी उघडून दिलेलं खातं मोडावं लागलं नाही याचंही समाधान.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. कागद पूर्ण असतील तर निष्क्रिय खातं तीन कामकाजाच्या दिवसांत सुरू करून द्यायचं असतं. कोणी 'पुढच्या आठवड्यात या' म्हणालं तर ती पोच दाखवा. तरीही हलले नाहीत तर शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही आणि मुलाला सांगितलंत तर तो ती घरबसल्या ऑनलाइन भरून देईल. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हे सगळं मिरचीचा सीझन सुरू व्हायच्या आत उरका. फेब्रुवारी लागला की तुम्हाला बँकेत जायला वेळ मिळणार नाही.